धर्मप्रचारकाचा प्रपंच

ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठी सेंट जॉन बाप्टिस्टचे पोर्तुगीज अमदानीतले चर्च उभे आहे. सकाळी त्याच्या जवळून स्टेशनकडे लगबगीने जाणाऱ्या हजारो नोकरदारांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल, की वास्को द गामाची गलबते हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे या शहराचे नाव ख्रिस्ती जगाच्या हुतात्म्यांच्या यादीत दाखल झाले होते, आणि ज्या प्रसंगामुळे ते दाखल झाले त्याचा आरंभ एका घरातल्या नवरा-बायकोच्या भांडणात होता.

इसवी सन १३२१ मध्ये कोल्लममार्गे चीनकडे जाण्यास निघालेले चार फ्रान्सिस्कन, म्हणजे टॉलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस, ठाण्याच्या बंदराला उतरले. त्यानंतर थोड्याच काळाने येथे आलेला ओडोरिक हा यात्रेकरू लिहितो, की गावात नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांपैकी एका घरी हे पाहुणे राहिले होते. एके रात्री यजमानांत कज्जा झाला, नवऱ्याने बायकोला बेदम मारले, आणि दिवस उजाडताच ती फिर्याद घेऊन काझीकडे गेली. काझीने साक्षीपुरावा मागितला तेव्हा तिने सांगितले, की घरात चार फिरंगी धर्मगुरू उतरले आहेत, त्यांना विचारावे. बोलावणे आले, सामानसुमानावर नजर ठेवण्यास पीटर घरी थांबला आणि तिघे काझीपुढे हजर झाले. तेथे मारहाणीची चौकशी कधीच बाजूला पडून धर्माधर्माचा वाद जुंपला, आणि त्याची परिणती प्रथम तिघांच्या व मागाहून घरी राहिलेल्या पीटरच्या वधात झाली. त्यांचा सोबती जॉर्डानस याने त्यांची प्रेते सोपाऱ्यास पुरली. ओडोरिकने हाडे उकरून काढली आणि मोठ्या भक्तिभावाने चीनपर्यंत नेली. थॉमस, जेम्स, पीटर, डेमेट्रियस ही नावे अशा रीतीने सहाशे-सातशे वर्षे टिकली. ज्या बाईच्या अंगावर वळ उठले होते तिचे नाव मात्र कागदावर आले नाही, आणि तिच्या फिर्यादीचा निकाल काय लागला हे सांगण्याची ओडोरिकला गरज वाटली नाही.

मला या कथेतील हीच उणीव फार बोलकी वाटते. ज्याला ईश्वराची हाक आली असे तो मानतो त्याची हकीकत सविस्तर लिहिली जाते. ज्या घरात ती हाक येऊन थडकते त्या घरातल्या इतर माणसांचे काय झाले, हा प्रश्न तहकूब राहतो. धर्मासाठी परमुलखात जाणाऱ्या माणसाला बायकामुलांना बरोबर नेण्याचा, मागे ठेवण्याचा, अथवा त्यांना आपल्या संकल्पात ओढण्याचा अधिकार कोणी दिला, हा तो प्रश्न होय.

ज्या पंधरा घरांपैकी एकात हे चौघे उतरले त्या घरांचा ख्रिस्ती धर्म निराळ्या वाटेने आला होता. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे, आणि हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक विद्वान मानतात. ज्या बंदराच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या लेण्यांना दाने दिल्याचे शिलालेख आहेत, त्याच बंदरात इराणी ख्रिस्ती सौदागर वखारी थाटून, लेकीसुना नांदवून राहत असतील तर त्यात नवल नाही. त्यांचा धर्म व्यापाराबरोबर आला, घरातच राहिला, आणि आसपासच्या लोकांनी तो पत्करावा असा हट्ट त्याने धरल्याचे दिसत नाही. असा धर्म फार पसरत नाही, आणि कधीकधी खूणही न ठेवता विरून जातो. ही घरेही तशीच विरून गेली. प्रचारकाचे म्हणणे असे, की जो धर्म दुसऱ्याला सांगावासा वाटत नाही तो खरा असल्याची स्वतःलाही खात्री नसते. हे म्हणणे मी सहज टाकून देऊ शकत नाही. ज्ञानदेवांनी संस्कृतातले तत्त्वज्ञान मराठीच्या नगरीत आणले ते सांगावेसे वाटले म्हणूनच.

आणि ज्ञानदेवांचेच घर या प्रश्नाची आपल्याकडील सर्वांत दारुण साक्ष आहे. विठ्ठलपंतांनी काशीस जाऊन संन्यास घेतला, रुक्मिणीबाई आळंदीस राहिल्या. पत्नी मागे असून तिच्या खऱ्या संमतीवाचून हा आश्रम घेतला गेला हे कळताच गुरूने त्यांना गृहस्थाश्रमात परत धाडले, अशी परंपरा सांगते. पुढे चार अपत्ये झाली, ती ‘संन्याशाची पोरे’ ठरली, मुंजीवाचून राहिली, आणि आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावरही त्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. या कथेतील समाजाच्या निष्ठुरतेबद्दल आपण पुष्कळ बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु एका माणसाला दोन आश्रमांची हाक एकदम आली आणि तिची किंमत चार पोरांनी भरली, ही गोष्ट त्या निष्ठुरतेच्या आड लपू देऊ नये. आपल्या शास्त्रकारांनी, आणि रोमन पंथाच्या ख्रिस्ती संघांनीही, या अडचणीतून एक वाट काढली होती: ज्याला सर्वस्व द्यायचे आहे त्याने प्रपंचच मांडू नये. मासुंदाकाठच्या त्या चौघांमागे रडणारी बायकापोरे नव्हती. आज डोंबिवलीतून संघाचा प्रचारक म्हणून जो तरुण घराबाहेर पडतो तोही प्रचारक असेतो अविवाहित राहतो, आणि त्यातला व्यवहार अगदी जुना आहे.

प्रॉटेस्टंटांनी ही वाट बंद केली. ल्यूथरने १५२५ मध्ये स्वतः लग्न केले तेव्हापासून धर्मोपदेशकाचे घर हेच धर्माचे उदाहरण मानले जाऊ लागले; आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन मिशनरी हिंदुस्थानाकडे निघाले ते बहुधा निघण्याच्या काही दिवस आधी लग्ने लावून. त्यांपैकी सॅम्युएल न्यूएलची पत्नी हॅरिएट हिला बंगालच्या किनाऱ्यावरून कंपनी सरकारच्या हुकुमाने परत फिरावे लागले. वाटेत जहाजावर तिची नवजात मुलगी गेली, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस बेटावर एकोणिसाव्या वर्षी ती स्वतः गेली. तिने एका माणसालाही उपदेश केला नव्हता. तरीही तिचे चरित्र न्यू इंग्लंडच्या घराघरांत वाचले गेले आणि कित्येक मुलींनी तिच्या मार्गाने जाण्याचे ठरविले. म्हणजे त्या चळवळीला तिचे मरण तिच्या जगण्याहून अधिक उपयोगी पडले. हे वाक्य लिहिताना मला बरे वाटत नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे.

याच अमेरिकन मिशनऱ्यांपैकी गॉर्डन हॉल ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरला. त्याला हाकलून देण्याचा हुकूम निघालेला असता गव्हर्नर नेपियनकडे अर्जविनंत्या करकरून तो टिकला. १८१६ मध्ये मार्गारेट लुईस या इंग्रज बाईशी मुंबईतच त्याने विवाह केला. १८१८ मध्ये जॉन निकल्स आणि त्याची पत्नी येऊन मिळाली तेव्हा मिशनने मुंबई व माहीम यांच्या जोडीला ठाणे हेही आपले ठाणे केले, आणि निकल्स पतिपत्नी खाडीकाठच्या या गावात मराठी शाळा चालवीत राहिली. ज्या ठाण्याहून आज मुंबईस तासाभरात पोचता येते ते त्या वेळी लोहमार्ग व्हायला पस्तीस वर्षे अवकाश असलेले, किल्ला, कचेरी आणि तापाची साथ यांचे गाव होते. १८२४ च्या अखेरीस निकल्स मरण पावला. मिशनच्या वार्षिक वृत्तान्तांत शाळा किती आणि पुस्तके किती वाटली याचे आकडे चोख आहेत. स्वयंपाकघर कसे चालले, ताप चढलेल्या माणसाच्या उशाशी रात्र कोणी जागविली, हे त्यात शोधू नये.

हॉलच्या घरची गोष्ट आपल्याला थोडी अधिक कळते. १८२५ मध्ये मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाली, कारण येथली हवा त्यांना मानवेना. हॉल मुंबईतच राहिला. प्रवासात एक मुलगा वारला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये हॉल ठाणे-भिवंडीच्या बाजूने घाट चढून नाशिकास गेला. तेथे पटकीची साथ जोरात होती, जवळची औषधे त्याने वाटून टाकली, आणि परतीच्या वाटेवर धोडापूर येथील देवळाच्या ओसरीवर मुक्काम केला असता २० मार्च १८२६ रोजी तो स्वतः त्याच साथीने गेला. सोबतच्या दोन ख्रिस्ती पोरांनी त्याला मूठमाती दिली. वय एकेचाळीस. औषध संपले असता दुसऱ्याच्या दुखण्यापाशी बसणारा हा माणूस थोर होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्याच्या चरित्रकारांनी पत्नी व मुले दूर गेल्यावरही तो कर्तव्यावर राहिला, ही गोष्ट जणू त्याच्या त्यागाच्या जमाखर्चात त्याच्याच खात्यावर जमा केली, तेथे मी अडखळतो. तो त्याग अर्ध्याहून अधिक मार्गारेटचा होता. समुद्रावर मूल गमावले तिने. नवऱ्याच्या मरणाची खबर, ती शिळी झाल्यावर, परक्या घरात ऐकली तिने. ती जन्माने अमेरिकनही नव्हती. हाक आली होती दुसऱ्याला, आणि तिने ती कशी ऐकली, मान्य केली की नुसती सोसली, हे सांगण्यास तिला कोणी बोलावले नाही. ठाण्याच्या त्या बाईला निदान काझीने पुरावा तरी मागितला होता.

मिशनरी आणि त्याचे घर यांची मराठी इतिहासातील सर्वांत विलक्षण गाठ कल्याणच्या एका मुलीशी पडली. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, पुढे आनंदीबाई, हिचे नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या टपालखात्यातील कारकुनाशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकोला शिकवायचेच या गोपाळरावांच्या हट्टाला हाक म्हणावे की खूळ, हे मला आजवर ठरविता आलेले नाही. ती हाक होती असे धरले तरी ती प्रथम नवऱ्याला आली होती, आणि मार बायकोने खाल्ला, तोही शब्दशः. कोल्हापुरास असताना त्यांनी तेथील मिशनऱ्याला पत्र लिहिले, की आपल्याला अमेरिकेत काही सोय मिळेल काय. ते पत्र प्रिन्स्टन येथे ‘मिशनरी रिव्ह्यू’ काढणाऱ्या रॉयल वाइल्डरपाशी गेले. वाइल्डर स्वतः पूर्वी, १८५२ पासून, कोल्हापूरचा मिशनरी होता. त्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. वाइल्डरने पत्र छापले, आणि या गृहस्थांनी अमेरिकेचा नाद सोडून आधी ख्रिस्त स्वीकारावा, असा सल्लाही जोडला.

वाइल्डरवर मी रागावू शकत नाही, कारण जे तो परक्याला सांगत होता तेच त्याने आपल्या घरात जगून दाखविले होते. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्यास जाण्याची तयारी दर्शविली. तेथे रॉबर्टच पुढे होता, आणि त्या तयारीमागे प्रिन्स्टनच्या घरी त्याच्याबरोबर प्रार्थनेस बसणारी बहीण ग्रेस होती. बाप मरणपंथास लागलेला असतानाही त्याने मुलाला कॉलेजांच्या दौऱ्यावर जाऊ दिले. बाप १८८७ मध्ये वारला. त्यानंतर आई आणि ग्रेस कोल्हापूरच्या मुलखात परत आल्या. या घरात हाक वारशाने उतरली असे दिसते, आणि येथेच माझा संशय जागा होतो. ज्या घरात श्वास घेण्याइतकीच प्रार्थना नित्याची, तेथे मुलाने “मला जायचे आहे” म्हटले तर ते त्याचे म्हणणे की घराचे? ग्रेस इस्लामपुराकडच्या खेड्यांत आयुष्यभर राबली, ते पाहता तिच्याविषयी तरी उत्तर देता येते. आई गेली, बाप गेला, तरी तिने हे काम सोडले नाही. पण अशी उत्तरे आयुष्य संपल्यावर मिळतात, आणि मुलांना वाढवायचे असते ते आधी.

वाइल्डरचा तो सल्ला न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईने १८८० मध्ये दंतवैद्याकडे वाट पाहत बसली असता वाचला, आणि तिला तो पटला नाही. तिने आनंदीबाईंना पत्र धाडले. पुढे तीन वर्षे दोघींचा पत्रव्यवहार चालला. आनंदीबाई तिला मावशी मानू लागल्या. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात श्रोत्यांसमोर उभे राहून आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे सतरा वर्षांच्या या मुलीने जाहीर केले. एप्रिलात ती मिशनशी संबंध असलेल्या बायकांच्या सोबतीने जहाजावर चढली; त्या प्रवासात धर्मांतराविषयी तिच्यावर जो दबाव आला त्याच्या कटु आठवणी तिच्या चरित्रात उतरल्या आहेत. आणि जहाजावरून उतरून ती ज्या घरी गेली तेथे कोणी तिच्या शाकाहाराला अथवा कुंकवाला हात लावला नाही. कार्पेंटरबाई प्रचारक नव्हती, कोणत्याही मंडळाने तिला पाठविले नव्हते, ती आपल्या घरातून हललीही नव्हती. तरी कल्याणच्या या मुलीला ख्रिस्ती धर्मातले जे काही उत्तम असेल ते रोझेलच्या त्या स्वयंपाकघरात भेटले असे मला वाटते. ११ मार्च १८८६ रोजी ती पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यक कॉलेजातून डॉक्टर झाली, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. तिची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली आणि ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. हिंदू सुनेच्या रक्षेला परक्या देशातील ख्रिस्ती घराने आपल्या माणसांत जागा द्यावी, ही गोष्ट त्या काळच्या कल्याण-पुण्याच्या धर्मशास्त्रात कोठे बसली असती कोण जाणे.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्यांनी १८८३ मध्ये वाँटेज येथे ख्रिस्ती दीक्षा घेतली होती. आणि आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, कोणत्या पद्धतीचे धर्मशिक्षण द्यायचे यावरून तेथील सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो दीर्घ पत्रवाद झाला त्यात एक आई आपल्या हाकेचे स्वातंत्र्य मुलीसाठीही मागत होती. वाँटेजच्या मंडळींना ती हटवादी वाटली. मला ती ठाण्यापासून वाँटेजपर्यंतच्या या सर्व हकीकतीत एकमेव अशी व्यक्ती वाटते, जिने धर्म बदलतानाच मुलाचा हक्क निराळा काढून ठेवण्याची भाषा केली.

आता या प्रश्नात केवळ ख्रिस्ती घरेच अडकलेली आहेत असे कोणी समजू नये. ज्या न्यू जर्सीत आनंदीबाईंना एकटीने जावे लागले तेथे आज डोंबिवलीच्या निम्म्या सोसायट्यांतील कोणी ना कोणी राहतो; संध्याकाळी फडके रोडवरून घरी परतलेले आजोबा मोबाइल पुढे धरून तिकडच्या सकाळी नातवाला शुभंकरोती म्हणायला लावतात, आणि नातू शाळेची बस येईपर्यंत निमूटपणे म्हणतो. कोणाला वाटेल की हे संस्कार आहेत, प्रचार नव्हे. असेल, परंतु म्हणणारा आणि म्हणवून घेणारा यांच्यातील नाते तेच आहे, आणि हॉलच्या मुलांप्रमाणेच या नातवालाही, आपण कोणाच्या संकल्पाने कोणत्या देशात आहोत, हे कोणी विचारलेले नाही. त्याने उद्या म्हणायचे नाही असे ठरविले तर आजोबा काय करतील, यावर त्या शुभंकरोतीचे मोल ठरेल असे मी मानतो. प्रचारकाच्या घरालाही मी हीच कसोटी लावीन: तेथे नकार देता येत होता काय, आणि दिला तर तो ऐकून घेतला जात होता काय?

या कसोटीस उतरलेला एक गृहस्थ आपल्याला माहीत आहे, आणि तो इंग्रजी वाचकांपुढे आणला एका मिशनऱ्याच्याच मुलाने. जस्टिन अ‍ॅबट हा अमेरिकन मराठी मिशनमधील मिशनऱ्याचा मुलगा. मुंबईत त्याने स्वतः मिशनचे काम केले, आणि ते सोडल्यावर उतारवयात न्यू जर्सीतल्याच समिट गावी बसून महिपतीच्या संतकथांचे भाषांतर केले. त्यातले एकनाथांचे चरित्र १९२७ मध्ये निघाले. नाथांचा मुलगा हरिपंडित मोठा शास्त्री झाला, आणि बापाने प्राकृतात पुराण सांगावे व कोणाच्याही घरी जेवावे हे न खपून काशीस निघून गेला. नाथ त्याला आणायला गेले. मराठीतून सांगणार नाही आणि परान्न घेणार नाही, या मुलाच्या दोन्ही अटी त्यांनी मान्य केल्या. पैठणात पुराण हरिपंडित सांगू लागले आणि श्रोते ओसरू लागले, तरी नाथांनी शब्द मोडला नाही. पुढे एका वृद्ध बाईचा सहस्रभोजनाचा नवस फेडण्यासाठी तिच्या घरी जेवायला जाण्याची वेळ आली तेव्हाही त्यांनी मुलाची संमती घेतली, आणि तेथला स्वयंपाक हरिपंडितांनी स्वतःच्या हाताने केला.